तीन जोड्यांचा संच आणि त्यातले तीन कोंबडे

गेल्या दिवाळीनंतर आम्ही इंदूरच्या वेशीबाहेरच्या एका कुक्कुटविक्रेत्याकडून तीन जोड्या कडकनाथ आणि त्यांचे लोखंडी खुराडे असा संच घरपोच मागवला. त्याला आता आठ महिने झाले असून पक्षी, खुराडे आणि विक्रीनंतरची सेवा या तिन्हींविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण ज्या गोष्टीचा मला सर्वांत अधिक त्रास झाला ती, म्हणजे कोंबडा आणि कोंबडी जोडीजोडीने विकण्याची पद्धत, मी चौकशी केलेल्या आणखी दोन ठिकाणीही तशीच होती. पक्ष्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती विकणाऱ्याच्या हिशेबाबद्दल. परसात सहा पक्षी पाळू पाहणाऱ्या घराला त्यांतले तीन कोंबडे देणे म्हणजे भांडण खुराड्यासकट घरपोच करणे होय.

आम्ही लोकमान्य नगरात राहतो. घर जुने आहे आणि मागे तीस फूट बाय वीस फुटांचे परस आहे, ज्यात एक पेरू, एक कढीलिंब आणि बाकी मोकळी माती आहे. सासूबाईंचे बालपण देवासजवळच्या खेड्यात, अंगणभर कोंबड्यांमध्ये गेले, आणि ऐंशी ओलांडल्यावर त्यांना तो आवाज पुन्हा हवासा वाटू लागला, हे या खरेदीचे खरे कारण. कडकनाथच का, तर तो आमच्या शेजारचाच पक्षी. झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल आणि भिलाला वस्त्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो, आणि झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचे नाव आणि भाव दोन्ही चढले आहेत. आमच्या संचाची किंमत, पोहोचवण्याच्या खर्चासह, १४,५०० रुपये झाली.

पक्षी ठरल्या दिवशी, जाळीच्या दोन पेट्यांतून, सकाळच्या थंड वेळी आले. तेव्हा ते तीन महिन्यांचे होते. पिसे चकचकीत काळी, त्यांवर ऊन पडले की हिरवट झाक येत असे, तुरा आणि कातडी काळसर जांभळी, जीभही काळपट. म्हणजे माल अस्सल होता. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, दोन्ही लशी टोचल्याची तारखांसह नोंद एका कार्डावर लिहून मिळाली, आणि आठ महिन्यांत एकही पक्षी दगावला नाही. मादी सहा-साडेसहा महिन्यांची झाल्यावर अंडी देऊ लागली. कडकनाथाचे अंडे काळे असते असे समजून ते पाहायला आलेल्या पाहुण्यांची मात्र निराशा झाली, कारण ते फिक्या बदामी रंगाचे असते. पक्ष्यांना मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कापला तो वजनासाठी, कारण सांगितल्यापेक्षा तिन्ही कोंबड्या सडसडीत निघाल्या.

खुराड्याविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. ते सहा फूट बाय चार फुटांचे आहे, वर उतरते पत्र्याचे छप्पर, चारी बाजूंना झाळलेली जाळी, खाली विष्ठा काढण्यासाठी बाहेर ओढता येणारा पत्र्याचा ट्रे. जाळीची वीण बारीक असल्यामुळे मुंगूस आणि मांजर या दोघांनाही त्याने दाद दिली नाही, आणि कडी इतकी घट्ट बसते की सासूबाईंच्या हाताने ती उघडत नाही. ट्रे ही फार उपयुक्त सोय आहे. ओला कचरा वेगळा न ठेवल्यास कचरागाडीवाले दारातच सुनावतात अशा शहरात कोंबड्या पाळायच्या, तर रोजची सफाई पाच मिनिटांत व्हायलाच हवी, आणि ती होते. पण जाहिरातीत हे खुराडे ‘बारा पक्ष्यांसाठी’ असल्याचे म्हटले आहे, ते खरे मानू नये. चोवीस चौरस फुटांत सहा पक्षी म्हणजे दर पक्ष्यामागे चार चौरस फूट. रात्री झोपण्यापुरती ही जागा ठीक आहे, परंतु दिवसभर कोंडून ठेवायला सहा जणांनाही अपुरी पडते. बसण्यासाठी एकच लोखंडी नळी आडवी लावलेली होती. ती गोल असल्याने पकड नीट बसत नाही, उन्हाळ्यात तापते आणि एकच असल्याने रोज संध्याकाळी तिच्या भिंतीकडच्या टोकासाठी ढकलाढकली होते. आम्ही ती काढून दोन वेगवेगळ्या जागी, एकाच उंचीवर, चपट्या लाकडी पट्ट्या बसवल्या. खाद्याचे आणि पाण्याचे भांडेही एकेकच दिले होते. याचा परिणाम काय होतो, ते पुढे येईलच.

खरेदीच्या वेळी मी दुकानदाराला विचारले होते की आम्हाला अंडी हवीत, तर एकच कोंबडा आणि पाच तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, असे देता येईल का. त्यांचे उत्तर होते, “मैडम, ये जोड़ी में ही अच्छे रहते हैं, अकेली मुर्गी उदास हो जाती है.” उत्तर ऐकायला गोड होते आणि मला त्यातले काही कळत नव्हते, म्हणून मी गप्प बसले. सारस जोडीने राहतो, कोंबडा राहत नाही. एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांचा कळप सांभाळतो, त्यांना दाणा दाखवतो, आकाशात घार दिसली की इशारा देतो, आणि त्या कळपात दुसरा वयात आलेला नर त्याला सहसा खपत नाही. हे साधे ज्ञान मला नव्हते, पण ज्याचा तो धंदा आहे त्याला ते असायला हवे होते.

आमच्या ह्यांनी तिन्ही कोंबड्यांची नावे ठेवली. सर्वांत धिप्पाड तो सुभेदार, मधला शिलेदार आणि सर्वांत किरकोळ तो बारगीर. होळकरांच्या गावात सुभेदार म्हटले की मल्हाररावच डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे हे नाव कोंबड्याला देणे सासूबाईंना आवडले नव्हते. नावे दर्जाप्रमाणे दिली होती आणि डिसेंबरभर ती शोभलीही. सुभेदार भांड्याशी आला की बाकीचे दोघे बाजूला होत, आणि एखाद्या टोचणीपलीकडे काही घडत नसे. कोंबड्यांमधल्या या उतरंडीचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्डेरुप-एबे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केला. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी निमूट टोचून घ्यायचे हे एकदा ठरले की कळपात शांतता नांदते, हे त्याचे सार. परंतु तो तह पक्षी वयात येईपर्यंतचाच असतो.

संक्रांतीनंतर दिवस तीळतीळ मोठा होतो असे आपण म्हणतो. पक्ष्याच्या मेंदूत खोलवर काही प्रकाशसंवेदी पेशी असतात, त्यांच्यापर्यंत उजेड कवटीतूनही पोहोचतो, आणि वाढत्या दिवसाच्या त्या इशाऱ्यावर नराच्या शरीरात संप्रेरके उसळू लागतात. आमचे तिघेही नेमके त्याच सुमारास साडेपाच-सहा महिन्यांचे झाले. जानेवारीअखेर पहाटे सव्वाचारला आरवणे सुरू झाले आणि शेजारच्या काकांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “वहिनी, याला काही बटण आहे का?” आम्ही खुराड्यावर दुहेरी गोणपाट टाकून पाहिले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही ही म्हण मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून लिहिली होती. साठीनंतर ती प्रत्यक्ष करून पाहिली. झाकलेले कोंबडेही त्याच वेळी आरवले. जपानमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले आहे की कोंबड्याला सतत अंधुक उजेडात ठेवून सूर्याचा पत्ता लागू दिला नाही, तरी तो आपल्या शरीरातल्या घड्याळाने आरवतो. २०१५ मध्ये त्यांनीच आणखी एक गोष्ट नोंदवली, ती म्हणजे एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत सर्वांत वरच्या दर्जाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या दर्जाच्या क्रमाने मागाहून. आमच्याकडे हा क्रम अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येत असे. आधी सुभेदाराचा भरदार आवाज, मग शिलेदार आणि शेवटी बारगिराची अर्धवट तुटलेली बांग.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास, मी ज्वारी टाकायला गेले तेव्हा सुभेदार आणि बारगीर पेरूखाली समोरासमोर उभे होते. दोघांची डोकी जमिनीलगत, माना पुढे ताणलेल्या आणि मानेची पिसे उलट्या छत्रीसारखी फुललेली. आवाज मात्र अजिबात नव्हता. मधेच दोघेही मातीत टोच मारून दाणा टिपल्याचा आव आणत, जिथे दाणा नव्हताच, आणि पुन्हा नजर भिडवत. मग एकदम दोघांनी हवेत उडी घेतली. या वेळी चोच बाजूलाच राहिली आणि पाय पुढे आले. पायामागचा काटा तेव्हा जेमतेम अर्ध्या इंचाचा होता, पण त्यावर सगळ्या अंगाचा भार पडत होता. चौथ्या की पाचव्या उडीनंतर सुभेदार मागे फिरला, आणि खरी दुर्दशा तिथून सुरू झाली. हरलेला पक्षी पळतो आणि नजरेआड होतो, की जिंकणाऱ्याचा राग ओसरतो. सुभेदाराला नजरेआड व्हायला परसात जागाच नव्हती. तो कोपऱ्यात डोके खुपसून बसला आणि बारगीर वर चढून टोचत राहिला. मी पसरट सूप मध्ये धरून त्यांना वेगळे केले. कडकनाथाचा तुरा मुळात काळा असल्याने जखम दिसली नाही. तो नुसता ओला चमकत होता, बोट लावले तेव्हा बोट लाल झाले. दुसऱ्या पहाटे पहिली बांग बारगिराची होती आणि सुभेदार मुळी आरवलाच नाही.

त्याच दिवशी दुकानाला फोन केला. सेवेच्या बाबतीत एवढे नक्की म्हणेन की फोन उचलला गेला आणि दुपारपर्यंत माणूस घरी आला. मात्र त्याने जे तीन उपाय सुचवले त्यांपैकी एकही उपयोगाचा नव्हता. पहिला म्हणजे पन्नास रुपयांत एकेकाची चोच कापून देणे. चोचीच्या टोकात मज्जातंतूंचे जाळे असते, आणि मोठ्या पक्ष्याची चोच परसात बसून कापणे ही वेदना आहे, उपाय नव्हे. शिवाय ज्या भांडणात पाय चालतात त्यात चोच कापून काय साधणार? दुसरा उपाय प्लास्टिकच्या चष्म्याचा. नाकपुड्यांवर अडकवायचा हा लाल तुकडा समोरचे दिसू देत नाही. दाटीवाटीने ठेवलेल्या, एकमेकींची पिसे उपटणाऱ्या कोंबड्यांसाठी तो वापरतात. कोंबड्याची उडी त्याने थांबत नाही, उलट त्याला समोरचे पाणी दिसण्याची पंचाईत. तिसरा उपाय एका वाक्यात सांगितला गेला, “देसी मुर्गा है, लड़ेगा ही, आदत डाल लो.” हे तर जातीवर नुसते खापर फोडणे झाले. झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेली देशी जात म्हणजे असील. कडकनाथाची ख्याती त्यासाठी नाही. जाता जाता त्याने बारगिराकडे कौतुकाने पाहिले आणि एक जण याचे चांगले पैसे देईल असे सुचवले. प्राण्यांना झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे आमच्या ह्यांनी त्याला शांतपणे सांगितले. पक्षी परत घेण्याची मुदत आठ दिवसांची होती, ती कधीच उलटली होती. सेवेला पाचपैकी एक गुण, आणि तोही वेळेवर आल्याचा.

पुढच्या पंधरवड्यात कोंबड्यांची अवस्था पाहवेना. तीन मादींवर तीन नर, त्यामुळे एकीच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडली. तिन्ही कोंबड्या दिवसभर कढीलिंबाच्या फांदीवर बसून राहत आणि खाली उतरायला धजावत नसत. भांडे एकच असल्याने बारगीर त्याच्याशी पहारा देई आणि सुभेदार उपाशी राही. आम्ही तुटक्या बादलीचे दुसरे भांडे करून घराच्या पलीकडच्या कोपऱ्यात, पहिल्यापासून दिसणार नाही असे ठेवले, तेव्हा कुठे त्याच्या पोटात चार दाणे जाऊ लागले.

फेब्रुवारी संपता संपता बारगीर माणसांवर येऊ लागला. पहिल्यांदा माझ्यावर. मी पाठमोरी होते, पोटरीवर काठी बसावी तसा फटका बसला. दुसऱ्यांदा नातवावर. त्याच्या नडगीवर दोन इंच ओरखडा उठला, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागले, आणि मुख्य म्हणजे ज्याला तो दोन महिने मांडीवर घेऊन हातातून फुटाणे भरवत होता त्यानेच असे का केले, या प्रश्नाने पोर रडवेले झाले.

त्याचे उत्तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या आमच्या एका परिचित डॉक्टरांनी दिले, आणि माझ्या मते या संचासोबत जो कागद मिळायला हवा होता तो त्यांच्या तासाभराच्या बोलण्यात होता. लाडाने हातावर वाढवलेल्या नराची माणसाविषयीची भीती जाते. वयात आल्यावर तो माणसाला आपल्याच कळपातला प्रतिस्पर्धी समजतो आणि त्याला आव्हान देतो. आव्हान ओळखता येते. तो एक पंख जमिनीला घासत तिरक्या चालीने जवळ येतो, किंवा मान खाली घालून पिसे फुलवतो. अशा वेळी पळू नये, कारण पळणे म्हणजे हार मानणे. लाथही मारू नये, कारण लाथ म्हणजे त्याच्या दृष्टीने लढाई स्वीकारणे, आणि तो दुप्पट त्वेषाने परत येतो. जागेवर स्थिर उभे राहावे, हातात पुठ्ठा किंवा सूप असल्यास ते पायांसमोर धरावे, आणि तो थंडावल्यावर, पंख अंगाशी दाबून, काखेत धरून पाच-दहा मिनिटे शांतपणे फिरवावे. मी हे आठ दिवस केले. माझ्या बाबतीत बारगीर निवळला, नातवाच्या बाबतीत नाही. डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितले की लहान मूल असलेल्या घरात असा पक्षी ठेवू नये, आणि तीन कोंबड्यांमागे एकाहून अधिक नर तर मुळीच ठेवू नये. नर सोडायचेच नसतील तर मादी नजरेस पडणार नाहीत अशा वेगळ्या जागी नुसते नर एकत्र ठेवावेत, तिथे ते बऱ्याच अंशी निवांत राहतात. पण एवढी जागा आमच्याकडे कुठली?

मार्चमध्ये सुभेदार आणि बारगीर हे दोघेही सासूबाईंच्या माहेरच्या शेतावर गेले. तिथे पंचवीस कोंबड्या आहेत, गोठा आहे, कडब्याच्या गंजी आहेत, विहिरीपलीकडे रान आहे. दोघांची पहिल्याच दिवशी एकदा जुंपली, सुभेदार हरला, गंजीमागे गेला आणि विषय मिटला. आता तो गोठ्याकडच्या आठ-दहा कोंबड्या राखतो आणि बारगीर विहिरीकडच्या. आमच्याकडे शिलेदार राहिला, जो या सबंध प्रकरणात कोणाच्याही अध्यात मध्यात नव्हता. पाठ उघडी पडलेल्या कोंबडीला आम्ही तीन आठवडे वेगळे ठेवले, जखमेवर जांभळे औषध लावले आणि नवी पिसे आल्यावर संध्याकाळी अंधार पडताना तिला इतरांशेजारी पट्टीवर बसवले. सकाळी कोणी तिला टोचले नाही. शिलेदार पहाटे पावणेपाचला एकदा आणि उजाडल्यावर दोन-तीनदा आरवतो. त्याला उत्तर देणारे कोणी नसल्याने प्रकरण तेवढ्यावर आटोपते, आणि काकांनी बटणाचा विषय पुन्हा काढलेला नाही.

एवढे सगळे होऊन मी जूनमध्ये पुन्हा त्याच दुकानात गेले, कारण निरोगी, लस टोचलेले आणि अस्सल पक्षी त्यांच्याकडे मिळतात हे मी विसरलेले नाही. या वेळी मला फक्त चार तलंगा हव्या होत्या आणि त्या मी स्वतः निवडल्या. कडकनाथात तुऱ्याच्या रंगावरून काही कळत नाही, कारण तो दोघांचाही काळपटच असतो. तुऱ्याचा आकार आणि पायांची जाडी पाहावी, आणि तीन-साडेतीन महिन्यांच्या पक्ष्याची मानेवरची व शेपटीच्या बुडाशी असलेली पिसे बोटांनी उलटून पाहावीत. टोके गोल असतील तर मादी, भाल्यासारखी निमुळती असतील तर नर. पेटीत त्यांनी घातलेल्या चारांपैकी एकाची पिसे निमुळती होती. मी तो परत दिला. त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला, दर पक्षी साडेपाचशे रुपये घेतले, पावती दिली आणि पेटी गाडीत ठेवता ठेवता दोनदा विचारले की साथ में एक मुर्गा तो लेंगी ना, मैडम, जोड़ी का भाव लगा देंगे.